अपडेटनंतर सर्व्हिसची सेटिंग पुसली जाते, ती टिकवायची कशी?

तुमचा प्रश्न असा: डेबियन लिनक्सवर मारियाडीबी या डेटाबेसच्या सर्व्हिस फाइलमध्ये (तो कसा सुरू करायचा हे सांगणारी फाइल) उघड्या फायलींची मर्यादा 65535 केली, चार महिने सुरळीत चाललं, आणि परवाच्या अपडेटनंतर 'टू मेनी ओपन फाइल्स' ही एरर पुन्हा सुरू. मग लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये तोच आकडा घातला, तरी ढिम्म फरक नाही. (मी देवनागरीत लिहितोय, कमांड अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

पहिली चूक जागेची. तुम्ही बदललेली फाइल 'यूएसआर/लिब/सिस्टमडी'खाली होती (सिस्टमडी म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम). ती पॅकेजच्या मालकीची, अपडेट तिच्यावर न विचारता नवी प्रत टाकतं. 'ईटीसी'मधल्या कॉन्फिग फायलींबाबत डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्राम, निदान विचारतं, तुमची ठेवू की नवी घेऊ म्हणून. इथे तेवढंही सौजन्य नाही.

दुसरी चूक मीही केली आहे, आणि तिच्यात एक अख्खी दुपार घालवली आहे. लिमिट्स डॉट कॉन्फ ही फाइल वाचतं पॅम (लॉगिन हाताळणारी यंत्रणा), तेही कुणी लॉगिन करतं तेव्हा. सिस्टमडीने बूटच्या वेळी सुरू केलेली सर्व्हिस कुठे लॉगिन करते? त्यामुळे एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरून 'यूलिमिट' कमांडने मर्यादा पाहिली की 65535 दिसतं, आपण खूश होतो, आणि डेटाबेस जुन्याच आकड्यावर अडकलेला असतो. मारियाडीबीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये आकडा वाढवला तरी सिस्टमडीने घातलेल्या हार्ड (म्हणजे कमाल) मर्यादेच्या वर त्याला जाता येत नाही.

आता उपाय. 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट मारियाडीबी' चालवा. एडिटर उघडेल, त्यात दोनच ओळी लिहा: पहिली चौकोनी कंसात 'सर्व्हिस', दुसरी 'लिमिटनोफाइल=65535'. कंसातली ओळ विसरलात तर खालची ओळ सिस्टमडी सोडून देतं आणि फक्त लॉगमध्ये कुरकुरतं. नव्या आवृत्त्यांत एडिटरमध्ये खाली मूळ फाइलही कॉमेंट म्हणून दिसते. तिथे खाली लिहिलेलं सगळं फेकलं जातं. तुमचा मजकूर वरच्या मोकळ्या जागेतच, दोन कॉमेंटच्या मध्ये हवा.

सेव्ह केलंत की 'ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/मारियाडीबी.सर्व्हिस.डी' या फोल्डरात 'ओव्हरराइड.कॉन्फ' तयार होते. मूळ फाइल जशीच्या तशी राहते, तुमच्या दोन ओळी तिच्यावर चढतात, आणि पॅकेज कितीही वेळा अपडेट झालं तरी त्यांना कुणी हात लावत नाही. याच कमांडला 'फुल' जोडून अख्खी फाइल 'ईटीसी'त उतरवता येते, पण मी ते टाळतो. मग पॅकेजवाल्यांनी मूळ फाइलमध्ये पुढे केलेल्या दुरुस्त्या आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

पुढे कधी 'एक्झेकस्टार्ट' (सर्व्हिस कोणत्या कमांडने सुरू करायची ती ओळ) बदलावं लागलं तर एक खोच आहे. नवी ओळ लिहिण्याआधी 'एक्झेकस्टार्ट=' अशी रिकामी ओळ द्यावी लागते. नाहीतर ती जुन्या ओळीच्या जोडीला बसते आणि एकापेक्षा जास्त एक्झेकस्टार्ट आहेत म्हणून सर्व्हिस सुरूच होत नाही. लिमिटनोफाइलला ही भानगड नाही, शेवटची किंमत लागू होते.

ओव्हरराइड फाइल हाताने बनवलीत तर 'डेमन-रीलोड' (सिस्टमडीला फायली पुन्हा वाचायला लावणारी कमांड) आठवणीने करा. 'एडिट' ते स्वतः करतं. रीस्टार्ट मात्र दोन्ही वेळा लागतो, म्हणून रात्रीची वेळ ठरवा. नंतर 'सिस्टमसीटीएल कॅट मारियाडीबी'ने मूळ फाइल आणि तिच्याखाली तुमची भर दिसते का बघा. खात्री करायची तर 'प्रॉक'मध्ये मारियाडीबीच्या प्रोसेसच्या पीआयडीखालची (म्हणजे तिच्या क्रमांकाच्या फोल्डरातली) 'लिमिट्स' फाइल वाचा, सॉफ्ट (सध्या लागू) आणि हार्ड दोन्ही रकान्यांत 65535 हवं.

आणि लिमिट्स डॉट कॉन्फमधली ती ओळ काढून टाका, तुमच्यानंतर सर्व्हर सांभाळणारा तिच्यावरच विश्वास ठेवून बसेल.