नव्या आरएसओला (रुग्णालयातल्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला): आधी आपली खुर्ची ओळख

नेमणुकीचं पत्र मिळालं, अभिनंदन. आता ते नीट वाच. रिपोर्ट कोणाला करायचाय? रेडिओलॉजीच्या एचओडींना असेल, तर आजच संचालकांना भेट. ज्यांचं मशीन बंद करायला सांगायचं, त्यांच्याच हातात आपला सीआर (गोपनीय अहवाल) असला की जीभ अडखळते. मी भोगलंय. कॅथलॅबमधले (अँजिओग्राफीच्या खोलीतले) टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारे बिल्ले, छातीवर नाही तर ड्रॉवरमध्ये पडलेले दिसायचे आणि मी चहा पिऊन परत यायचो.

२००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांप्रमाणे आपल्याला नेमते संस्था, मान्यता देते एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ). पण म्हणून संस्थेची जबाबदारी आपल्या गळ्यात पडत नाही. तेव्हा तोंडी काही सांगू नकोस. लेखी दे, प्रत संचालकांना, पोच घेऊन ठेव. आणि हो, टेक्निशियन-सिस्टर मंडळींशी जमवून घे. खरी खबर तिथूनच येते.