फ्लूसाठी सुई की नाकातला स्प्रे : बडोद्यातल्या एका घरापुरतं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडेतीन वर्षांचा मुलगा सुई बघितली की थरथर कापतो, म्हणून त्याला नाकातून मारायचा फ्लूचा स्प्रे द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. न्यू जर्सीतल्या नणंदेने तिच्या मुलांना घरच्या घरी स्प्रे दिला आणि मे महिन्यात येताना इकडेही घेऊन येते म्हणाली. त्यात तुम्ही स्वतः पाचव्या महिन्यात, सासरे ७२ चे आणि त्यांना डायबेटिस, मिस्टर ३६ चे आणि ठणठणीत. आमचं रावपुऱ्यात मेडिकल आहे, बरीच वर्षं काउंटरवर काढली, आता मुलगा बघतो पण लसींचा फ्रीज अजून माझ्याकडेच आहे. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, माझ्या मते सगळं त्याच्यावरच ठरतं. मुलाला या उत्तरायणाच्या सुमारास छातीत घरघर होऊन नेब्युलायझर द्यावा लागला होता. नाकातल्या स्प्रेमध्ये जिवंत व्हायरस असतो, कमजोर केलेला. तो नाकातल्या थंडाव्यात वाढतो आणि फुफ्फुसातल्या उबेत नीट वाढत नाही अशा बेताने बनवलेला असतो. म्हणजे लस म्हणून कल्पना छानच आहे, फ्लू ज्या दारातून येतो तिथेच पहारा बसतो. पण दोन ते चार वर्षांच्या ज्या मुलाला अस्थमा आहे किंवा मागच्या बारा महिन्यांत अशी घरघर झालीये त्याला हा स्प्रे देत नाहीत. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना तर मुळीच नाही, कारण ट्रायलमध्ये त्या वयात स्प्रेनंतर घरघर वाढलेली दिसली होती. तुमचा मुलगा बरोबर या नियमात बसतो.

तुम्हाला स्वतःलाही स्प्रे चालणार नाही, गरोदरपणात जिवंत लस देत नाहीत. सासऱ्यांना वयामुळे नाही, अमेरिकेत तो ४९ वर्षांपर्यंतच देतात. चौघांत स्प्रे चालेल असे फक्त तुमचे मिस्टर, आणि सुईला घाबरणारे ते नाहीत!

इंजेक्शनमध्ये मेलेला व्हायरस असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही. "लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी ताप आला" असं लोक सांगतात ना, तो एखाद्या दिवसाचा कसकसा ताप आणि दंड दुखणं, बस. सहा महिन्यांच्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालतं, अस्थमावाल्या मुलांना तर आवर्जून देतात.

आता नणंदेच्या स्प्रेबद्दल. ती सांगते ते खरं आहे, फ्लूमिस्ट हा तिकडचा स्प्रे घरी स्वतः वापरायला अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. पण तो दोन ते आठ डिग्रीत राहायला लागतो, त्याची एक्स्पायरी फार लांबची नसते, आणि मे महिन्यात ती जो आणेल तो त्यांच्या सरत्या हिवाळ्यातला. विमान, मग मुंबई किंवा अहमदाबादहून गाडी, आणि बाहेर आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. कृपा करून आणायला सांगू नका. आपल्याकडचा स्प्रे म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा नेझोव्हॅक, २०१० साली स्वाइन फ्लूच्या वेळी आला. त्याची ट्रायल बांगलादेशात आणि सेनेगलमध्ये एकाच सुमारास झाली होती, बांगलादेशात लहान मुलांमध्ये सुमारे ५७ टक्के संरक्षण मिळालं आणि सेनेगलमध्ये काहीच फायदा दिसला नाही. अमेरिकेतही २०१६ ते २०१८ असे दोन सीझन फ्लूमिस्ट द्यायचा नाही असं त्यांच्या सरकारी आरोग्य संस्थेने, सीडीसीने, सांगितलं होतं, कारण एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लूच्या व्हायरससमोर तो कमी पडत होता, मग सुधारून परत आला. आणि त्याआधी २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात लहान मुलांमध्ये हाच स्प्रे सुईपेक्षा सरस ठरला होता. म्हणजे स्प्रे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, इंग्लंडमध्ये तर शाळेतल्या मुलांना तोच देतात. पण त्याचं काम व्हायरसच्या जातीप्रमाणे आणि जागेप्रमाणे वरखाली झालेलं आहे, आणि आमच्या काउंटरवर मागायला येणारे कितीही असले तरी माल येतो तो इंजेक्शनचाच. स्प्रेची वाट बघत पावसाळा उजाडला तर मात्र नुकसान तुमचं.

काही लोक "ती नाकवाली इंडियन लस" म्हणून जी मागतात ती इनकोव्हॅक, भारत बायोटेकची, २६ जानेवारी २०२३ ला आलेली. ती कोविडची होती, फ्लूशी तिचा काही संबंध नाही.

मुलाला लहानपणी फ्लूची लस झालीये बहुतेक, असंही तुम्ही लिहिलंय. कार्ड काढून बघा. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीत हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) असते, नावात इन्फ्लुएन्झा असलं तरी ती मेंदूज्वर आणि न्यूमोनियाच्या एका बॅक्टेरियावरची लस, फ्लूची नव्हे. फ्लूची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे मुद्दाम पैसे देऊन घेतली असेल तरच झालेली असणार. हे महत्त्वाचं का, तर नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदा घेत असेल तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मग पुढे दरवर्षी एक. बाकी तुम्हा तिघांना एकेकच.

आता वेळ. आपल्याकडे फ्लू दोनदा डोकं वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यापासून ते गरब्याच्या गर्दीपर्यंत. त्यामुळे पावसाळ्याआधी घ्या असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा कोणत्या जातीचे व्हायरस लसीत घालायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे उन्हाळ्यात जो नवा माल येतो तो दक्षिण गोलार्धाचा, बॉक्सवर एसएच (सदर्न हेमिस्फिअर) आणि साल छापलेलं असतं. तुम्ही डॉक्टरांकडे एवढंच विचारा की या वर्षीचा एसएच आलाय का. मागच्या हिवाळ्याचा उरलेला एनएच, म्हणजे उत्तर गोलार्धाचा, कोणी देत असेल तर नवा येईपर्यंत थोडं थांबा. पण मुलाचे दोन डोस आणि नंतर अंगात ताकद यायला लागणारे दोन आठवडे धरले तर पहिला डोस मेच्या सुरुवातीलाच व्हायला हवा. २०१५ च्या सुरुवातीला स्वाइन फ्लूने गुजरातला झोडपलं तेव्हा लोक लस मागायला आले ते साथ अगदी भरात असताना, आणि दोन आठवडे थांबायला तेव्हा कोणाकडेच नव्हते. ते दिवस आठवले की आजही वाईट वाटतं.

तीन जातींच्या व्हायरसवरची लस घ्यावी की चारवाली हा प्रश्नही येईलच. चारवालीत बी-यामागाता नावाची एक जात जास्त असते आणि ती मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेलीच नाही, म्हणून डब्ल्यूएचओनेच ती काढा म्हटलंय. जी ताजी मिळेल ती घ्या, ब्रँडवरून भांडू नका. किंमत साधारण दीड-दोन हजाराच्या घरात जाते.

आता मी ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. बरेच डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि लस मेडिकलमधून आणा म्हणतात, आणि लोक मांजलपूरहून येऊन ती घेतात, स्कूटरच्या डिक्कीत टाकतात, वाटेत भाजी घेतात, मग दवाखान्यात नंबर लावून बसतात. मे महिन्यात दुपारी डिक्की उघडून आत हात घालून बघा एकदा! दुसरी चूक याच्या उलट, घरच्या बर्फाच्या ट्रेमधले तुकडे पिशवीत आणि त्याला चिकटून लसीचा बॉक्स. ही लस गोठली की वाया जाते, आणि नंतर वितळल्यावर बघून कळतही नाही. म्हणून शक्यतो डॉक्टरांच्या स्वतःच्या फ्रीजमधली घ्या. मेडिकलमधून न्यायचीच असेल तर थर्मासची पिशवी आणा, जेल पॅक कपड्यात गुंडाळा म्हणजे बॉक्सला थेट लागणार नाही, आणि दुकानातून सरळ दवाखान्यात. घरी ठेवायची वेळ आलीच तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि फ्रीझरला लागून तर नाहीच. देताना सिरिंज हलवून घेतात, त्यात रंग बदललेला किंवा कण दिसले तर नको म्हणा, डॉक्टर स्वतःच थांबतील.

मुलाच्या भीतीबद्दल, ती खरी असते हो, तिला "काही होत नाही, शूर आहेस ना तू" म्हणून उडवून लावू नका. "टोचेल, थोडं दुखेल, मी धरून ठेवीन" असं खरं सांगा, आणि आदल्या रात्री नाही, निघताना सांगा. बधिर करणारं क्रीम येतं, लिडोकेन-प्रिलोकेनचं, डॉक्टरांना विचारून तासभर आधी दंडाला लावून वरून झाकून ठेवायचं, त्याने फरक पडतो. झोपवून चौघांनी दाबून धरायचं नाही, तुमच्या किंवा बाबांच्या मांडीवर ताठ बसवा, एक हात कवेत घ्या, आणि त्याला फुगा फुगवल्यासारखं फुंकायला लावा. बाबांनी त्याच्यासमोर आधी आपली लस घेतली तर अजून बरं.

तुमच्या स्वतःच्या लसीबद्दल तुम्ही प्रश्नात काही विचारलंच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. पाचवा महिना म्हणजे डिलिव्हरी ऑगस्टच्या आसपास, अगदी फ्लूच्या सीझनमध्ये, गणपतीत घरात पाहुण्यांची रांग. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याच्याकडे असते ती तुमच्याकडून गेलेली प्रतिकारशक्तीच. गरोदरपणात इंजेक्शन कोणत्याही महिन्यात चालतं. तुमच्या गायनॅकना पुढच्या व्हिजिटला विचारा, त्यांनी स्वतःहून विषय काढायची वाट बघू नका. सासऱ्यांसाठी त्याच दिवशी न्यूमोनियाच्या लसीचंही विचारून घ्या, दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या दंडात देता येतात.

एवढं करूनही फ्लू होऊ शकतो, जाती जुळल्या तर साधारण ४० ते ६० टक्के धोका कमी होतो, पण झाला तर हॉस्पिटलपर्यंत जायची वेळ कमी येते. मुलाचा श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या किंवा तो पाणीही घेईना, तर लस झालीये म्हणून घरी बसू नका, लगेच दाखवा.

आणि कार्डावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या. मुलाच्या दुसऱ्या डोसला तोच ब्रँड मिळाला नाही तरी चालतं, फक्त बॉक्सवरचं साल आणि एसएच तेच आहे ना ते बघा. काही अडलं तर इथेच विचारा, मी संध्याकाळी दुकान वाढवल्यावर बघतो.