तुझी सात कारणं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला, मी तो पहाटे उठल्यावर वाचला. मग चहा झाल्यावर परत वाचला. पोलीस भरतीची तयारी का सोडते आहेस याची सात कारणं तू ओळीनं, आकडे घालून लिहिली आहेस. मोबाईलवरच उत्तर देता आलं असतं. पण हे तुझ्याजवळ कागदावर असावं असं वाटलं, म्हणून पत्र.

मला तुझा राग आलेला नाही, हे आधी सांगते. ज्याचं खरंच सुटलेलं असतं तो कारणं लिहीत बसत नाही, तो विषयच काढत नाही. तू सात लिहिलीस आणि तीही रात्री पावणेबाराला, म्हणजे तुझ्या मनातून ते मैदान गेलेलं नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. वर्गात कधी सांगितली नाही. लग्नाआधी मी खो-खो खेळायचे, जिल्ह्याच्या संघात होते. बी.पी.एड. करून शाळेत खेळ शिकवायचे, हे दहावीपासून मनात होतं. एकविसाव्या वर्षी लग्न झालं आणि त्यानंतर आठ वर्षं मी भेटेल त्याला एकच सांगत राहिले, "सासरी चालणार नाही." मैत्रिणींना सांगितलं, माहेरी सांगितलं. आई म्हणायची, नशीब एकेकाचं. मग माझीही खात्री पटली की नशीबच.

एका दुपारी मी ओसरीवर ज्वारी पाखडत बसले होते. सासरे समोर सुतळी वळत होते. नणंदेच्या मुलीच्या ॲडमिशनचं बोलणं चाललेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मलापण शिकायचं होतं, बी.पी.एड." त्यांनी मान वर केली नाही. सुतळीला पीळ देत देतच विचारलं, "मग फारम कधी भरत्यात त्याचं?"

एवढंच. सूप माझ्या हातात तसंच राहिलं.

ज्या माणसाच्या नकाराला मी आठ वर्षं भ्यायले, त्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री मला आनंद व्हायला हवा होता, पण मी रडले. ती आठ वर्षं कुणाच्या नावावर मांडायची ते कळेना. सासऱ्यांच्या नावावर तर नक्कीच मांडता येत नव्हती.

तू म्हणशील, ते नाही म्हणाले असते तर? म्हणालेही असते. पण मग तो खरा नकार असता. खऱ्या नकाराशी भांडता येतं, त्याची समजूत काढता येते, नाहीच जमलं तर आडवाट शोधता येते. मनातल्या मनात घेतलेल्या नकाराशी माणूस काय भांडणार?

तेव्हापासून मी कारण आणि सबब यांच्यात एकाच रीतीनं फरक करते. कारण ज्याच्याकडचं आहे त्याच्याकडे जाऊन विचारायचं. विचारल्यावर ते टिकलं तर ते कारण, आणि मग त्यावर काम करायचं. विचारल्याबरोबर विरघळलं तर ती सबब होती. तुझी सातही कारणं मी याच चाळणीतून घातली.

बुटांची जी किंमत तू लिहिलीस ती मोबाईलवर बघितलेली आहे. दुकानात जाऊन विचारलेली नाही, हो ना? डांबरी रस्त्यावर पळणार असशील तर चांगले बूट हवेतच, नाहीतर नडग्या धरतात. पण आपण मातीच्या मैदानावर पळणार आहोत. सुरुवातीचे दोन महिने शाळेतल्या कॅनव्हासच्या बुटांवर निघतील. पुढचं पुढे बघू.

ॲकॅडमीच्या फीचं तू लिहिलंस. ती परवडत नाही हे खरं आहे, आणि त्यासाठी आण्णांनी शेळ्या विकाव्यात असं मी कधीच म्हणणार नाही. पण ॲकॅडमीत नेमकं काय शिकवतात ते विचारलंस का? मी सांगते. मुलींचं मैदान ५० गुणांचं. ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. त्यात निम्मे गुण मिळवायचे आणि वर मेरिटमध्ये यायचं, मग लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ दीड तास. गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. व्याकरणात तू पहिल्यापासून पक्की आहेस. गणिताला वेळ लागेल. ८०० मीटरला तुझा दम चांगला आहे, पण तू पहिलाच राऊंड असा मारतेस की दुसऱ्या राऊंडला पाय उचलत नाहीत. ते आखून पळायला शिकवता येतं.

खरी गोम गोळ्यात आहे. मागच्या वेळी तू चार किलोचा गोळा चेंडूसारखा फेकत होतीस. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. तळहातावर ठेवू नकोस, बोटांच्या बुडाशी धर. हनुवटीखाली मानेला टेकव, कोपर बाहेर. मग गुडघ्यात वाक आणि जोर पायातून वर येऊ दे. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, आणि अगदी शेवटी हात आणि बोटं. मुली दंडाच्या ताकदीवर विसंबतात आणि दोन मीटर तिथेच घालवतात. तू रानातून वैरणीचा भारा डोक्यावर आणतेस ना? तो उचलताना जी मांडी लागते तीच इथे लागते. ही ताकद तुझ्याकडे आहे, फक्त ती हातापर्यंत पोचत नाही. हे शिकवायला फी लागत नाही. मी आहे.

पहाटेचा अंधार आणि रस्त्यावर थांबणारी ती मुलं. पोरी, इथे मी तुला धीट हो म्हणणार नाही. हे कारण खरं आहे आणि सातांत सगळ्यात खरं आहे. मुलीनं एकटीनं अंधारात डांबरीवरून पळावं आणि काही झालं तर हिमतीच्या गोष्टी ऐकाव्यात, हे मला मान्य नाही. म्हणून वाट बदलायची. वस्तीवरच्या त्या दोघी बहिणीही फॉर्म भरणार आहेत, मी आज सकाळीच विचारून आले. तिघींनी मिळून यायचं, रस्त्यावर न पळता शाळेच्या आवारात पळायचं. आणि ती मुलं कोण, हे मला सांग. गप्प बसून सहन करू नकोस. ११२ नंबर मोबाईलमध्ये वर ठेव.

बाजरीची काढणी हेही खरंच. दिवसभर वाकून कणसं खुडलेल्या अंगाला पळवायचं नसतं, दुखापत होते. त्या आठ-दहा दिवसांत मैदान बंद. फक्त रात्री जेवणानंतर गणिताची दहा उदाहरणं. पण काढणी संपते कधी, ती तारीख आजच लिहून ठेव, कारण काढणी संपली तरी तिचं नाव पुढे महिनाभर चालतं. घरोघर बघितलं आहे. पाळीचंही असंच. तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. पहिले दोन दिवस त्रास होत असेल तर पळू नकोस. मैदानावर मात्र ये. चाल, दोघींची वेळ लाव, गोळ्याची नुसती पोझिशन घे.

"वेळच मिळत नाही" असं तू पहिल्याच नंबरला लिहिलंस, पावणेबारा वाजता. मी टोमणा मारत नाही, तुला ते दिसावं म्हणून लिहिते. पावणेबाराला जागी असलेली मुलगी पाचला उठू शकत नाही, आणि उठली तरी तिचे पाय उठत नाहीत. तुझी अडचण पहाटेची नाहीच, रात्रीची आहे. दहाला मोबाईल आईच्या उशाशी ठेव. आणि "उद्यापासून पळणार" असं वहीत लिहू नकोस. "आण्णांनी गोठ्यातला दिवा लावला की मी बूट घालणार" असं लिही. त्या दिव्याला आळस नाही, तो रोज लागतो. कपडे आणि बूट दाराशी काढून ठेवूनच झोप. पाचला उठून विचार करायची वेळ आली की आपण हरलोच, म्हणून विचार रात्रीच उरकायचा.

भरतीच्या जागा निघत नाहीत, तारखा पुढे जातात, हे कारण विचारायला मात्र आपल्याला कुणाचं दार नाही. तुझा याबद्दलचा राग मी समजते, मलाही येतो. खुल्या वर्गाला २८ वर्षांची मर्यादा, मागासवर्गाला ३३. जाहिरातीची वाट बघता बघता वय निघून गेलेली मुलं मी बघितली आहेत, हुशार मुलं. हा त्यांच्यावरचा अन्यायच होता. पण एक लक्षात घे. जाहिरात आल्यावर फॉर्म भरायला मिळतात थोडे दिवस, आणि ८०० मीटरची वेळ कमी करायला लागतात महिने. जाहिरात आपल्या हातात नाही, महिने आहेत.

आता तू मेसेजच्या शेवटी जे लिहिलंस त्याकडे येते. "ललिता बाबरचं वेगळं होतं बाई." मोठ्यांची उदाहरणं मी हल्ली जपून देते, कारण त्यांचीसुद्धा सबब होते. ती माणसं कुणीतरी वेगळी, आपण साधी, असं म्हणून सुटता येतं. ललिता आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये जाणारी ती पहिलीच भारतीय बाई. फायनलमध्ये दहावी आली. स्टीपलचेसमध्ये सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते. ज्या माणदेशात टँकरच्या रांगेत बायांच्या पिढ्या गेल्या, तिथली पोर ते पाणी ओलांडत होती आणि मी टीव्हीपुढे उभी होते, बसवत नव्हतं. पण मला तिच्यातलं तुला द्यायचंय ते वेगळंच. २०१२, १३, १४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली आली. एवढं नाव झालेलं असताना तिनं अडथळे आणि पाण्याच्या उड्या नवशिक्यासारख्या शिकायला घेतल्या. "मला हे येत नाही" हे तिच्याबाबतीतही खरं होतं.

आणि आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मातीत घडलेला हा मल्ल मॅटवर खेळत होता. सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. ते लोकांकडे मागायला गेले. मागायला गेले हे महत्त्वाचं. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, आणि खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले. पुढे १९५५ साली ते सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले ते तुला जायचंय त्याच खात्यात. खर्डेकर सर घर गहाण टाकतील हे मागण्याआधी कुणाला माहीत होतं?

राहिलं सातवं. "आण्णा हो म्हणणार नाहीत." बाकी सहा तू याच्या आडोशाला उभी केली आहेस असं मला वाटतं. विचारलंस का त्यांना? आईनं विचारलं, मावशीनं विषय काढून बघितला, हे नको. तू विचारलंस का? आईच्या तोंडून विचारू नकोस. जेवताना नको, आणि बाजारातून दमून आल्यावर नको. संध्याकाळी धार काढून झाल्यावर ते कट्ट्यावर बसतात तेव्हा जा. सोबत कागद ने. किती वाजता जाणार, कुठे पळणार, बरोबर कोण, परत किती वाजता, घरातलं कुठलं काम आधी उरकणार आणि कुठलं आल्यावर करणार, सगळं त्यावर लिहिलेलं असू दे. बापाला स्वप्नाची भीती वाटत नाही, पोरीच्या वेळापत्रकात मोकळ्या जागा दिसल्या की वाटते. त्या भरून ने. आणि मग बोलू नकोस, त्यांना वेळ घेऊ दे.

नाही म्हणाले तर भांडू नकोस, "का" एवढं विचार आणि ते शब्द जसेच्या तसे मला येऊन सांग. मी चहाला येईन. तुझे आण्णा माझेच विद्यार्थी आहेत, लांब उडीत तालुक्याला दुसरे आले होते. त्यांना आठवत असेल.

आणि विचारता विचारता तुला असं कळलं की आपल्याला पोलीस व्हायचंच नाही, मैत्रिणींनी फॉर्म भरला म्हणून भरला होता, तर तेही मोकळेपणानं सांग. त्यात कमीपणा नाही. नर्सिंग म्हण, शेती म्हण, तुझ्या मनातलं जे असेल ते आपण त्याच चाळणीत घालू. फक्त न विचारता सोडू नकोस.

रविवारी साडेपाचला शाळेच्या मैदानावर ये. गेटची किल्ली शिपाईमामांकडून मागून घेतली आहे, त्या दोघी बहिणी येणार आहेत. गोळा मी आणते. स्टॉपवॉचमध्ये नवा सेल घातला आहे, पण पहिल्या दिवशी वेळ लावणार नाही. येताना पाण्याची बाटली आण, आणि आण्णा काय म्हणाले ते सांग.

तुझ्या,
पी.टी.च्या बाई