पैसे सोमवारी गेले, विमा बुधवारी लागला

चिपळूणहून एका वाचकाने विचारलंय. सोमवारी संध्याकाळी रेड अलर्ट आला, म्हणून रात्री नऊच्या सुमारास त्यांनी मोबाइलवरून घराचा विमा काढला आणि यूपीआयने हप्ता भरला. मंगळवारी पहाटे वाशिष्ठीचं पाणी घरात कमरेपर्यंत चढलं. दुपारी पॉलिसी ईमेलवर आली, तिच्यात विम्याची सुरुवात बुधवार, 00:00. कंपनीने दावा फेटाळला. ‘पैसे आधी घेतले, मग जबाबदारी त्यांचीच ना?’ असा त्यांचा सवाल. दर पावसाळ्यात गावाचं नाव बदलून हाच सवाल माझ्याकडे येतो.

पूर विम्यात बसतो की नाही, हा इथे वादच नाही. एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ आणि पूर मुळातच धरलेले आहेत. तुमचं घोडं अडलंय ते शेड्यूलमधल्या, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावरच्या, ‘विमा कधीपासून’ या ओळीवर.

विमा कायदा, 1938 चं कलम 64 व्हीबी म्हणतं की हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. हप्ता मिळाला की त्याच क्षणी जोखीम सुरू झाली, असं ते म्हणत नाही. आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की हप्ता घेऊन ठेवला म्हणजे प्रस्ताव मान्य केला असं होत नाही. तुमच्या मेहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला निकाल 1990 चा, रामदयाळ प्रकरणातला. पॉलिसीवर नुसती तारीख असेल तर त्या दिवसाच्या सुरुवातीपासून विमा धरायचा, असं त्यात आहे. पण नंतरच्या जिकुभाई प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं, की वेळ लिहिली असेल तर त्या वेळेपासूनच. दोन्ही प्रकरणं वाहनांची, पण तत्त्व तुम्हाला लागू होईल असं मला वाटतं. तुमच्या पॉलिसीवर वेळ आहे.

मग काही फट उरते का? एकच. सोमवारी रात्री पैसे गेल्यावर कंपनीकडून जे जे आलं ते काढा: एसएमएस, ईमेल, पावती. त्यात कुठे ‘तुमचा विमा सुरू झाला आहे’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर भांडायला जागा आहे. नुसतं ‘पैसे मिळाले’ एवढंच असेल तर अवघड आहे. फॉर्ममध्ये सुरुवातीची तारीख निवडायचा रकाना होता का, आणि तिथे आपोआप आलेली तारीख तुम्ही तशीच ठेवलीत का, हेही बघा. 22 जुलै 2021 चा पूर त्याच घरात सोसलेल्या माणसाने पुढच्या विम्यासाठी रेड अलर्टची वाट पाहावी, याला काय म्हणावं?

पाणी मंगळवारी नाही, बुधवारी शिरलं असं लिहा, हा मेहुण्यांचा दुसरा सल्ला. तो ऐकलात तर माझ्याकडे येऊ नका. तलाठ्याचा पंचनामा आहे, नदीच्या पातळीच्या नोंदी आहेत, शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहेत. आज दावा फेटाळलाय, उद्या फसवणुकीचा ठपका येईल.

दरम्यान, घरावर कर्ज आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. उद्याच बँकेत जा आणि कर्जाच्या फाइलमध्ये वास्तूचा विमा आहे का ते विचारा. पुष्कळदा तिथे निघतो तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा, त्याचा पुराशी संबंध नाही. पण वास्तूचाही काढलेला असू शकतो, आणि तुम्ही तेव्हा न वाचता सह्या केल्या असणार. निघालाच, तर त्या कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. उशीर झाला म्हणून हरकत घेतील, तरी कळवा.

सोमवारच्या संदेशात काही सापडलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तराविना महिना उलटल्यापासून, एक वर्षाची मुदत. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, पण तिथे प्रकरण दाखल केलंत की लोकपालाचं दार बंद. ग्राहक आयोगाने शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात छापलंय. छापलेलं वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात, म्हणून मी लोकपालापासून सुरुवात करेन.

आणि रागाच्या भरात पॉलिसी रद्द करू नका. बुधवारपासून ती चालू आहे आणि पावसाळा अजून उरलाय. फक्त प्रस्तावात ‘यापूर्वी पुराने नुकसान झालं आहे का’ याच्यापुढे तुम्ही ‘नाही’ लिहिलंय, ते आजच लेखी दुरुस्त करून घ्या. हप्ता वाढवतील, कदाचित पॉलिसी नाकारतीलही. पण ते ‘नाही’ तसंच राहिलं, तर पुढच्या दाव्याच्या वेळी कंपनी सर्वांत आधी तेच पान उघडेल.