पीएचडी गाईडचे १४० पेपर आणि एच-इंडेक्स ३८, म्हणजे त्यांचं काम खरंच मोठं आहे का?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणला असता, मुलगी एमएस्सी झाली आणि न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या विज्ञानात, पीएचडीला जायचं म्हणतेय, एका सरांनी हो म्हटलंय, पण त्यांच्या प्रोफाइलवरचे हे आकडे चांगले की कसे ते घरात कोणालाच कळत नाहीये. मी मूळची हर्णैची, याच विषयात पीएचडी केलीय आणि आता रत्नागिरीत कॉलेजात शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो एच-इंडेक्स ३८. जॉर्ज हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप काढलं. ३८ म्हणजे सरांच्या ३८ पेपरांना (शोधनिबंधांना) प्रत्येकी कमीत कमी ३८ सायटेशन आहेत, म्हणजे तितक्या वेळा इतर पेपरांत त्यांचा संदर्भ दिला गेलाय, बस एवढंच. बाकीच्या १०२ पेपरांना शून्य असतील किंवा ३७ असतील, त्यातून कळत नाही, आणि वरच्या एखाद्याला पाच हजार असतील तरी कळत नाही. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, वयाबरोबर वाढतच जातो, स्वतःचेच जुने पेपर स्वतः साईट केले तरी त्यात धरले जातात. गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या पेपर शोधायच्या साईटवर, तर तो इतर ठिकाणांपेक्षा जास्तच दिसतो, कारण तिथे थीसिस वगैरे पण मोजतात.

आता आकडा लहान पण काम मोठं असं एक उदाहरण देते जे मी दरवर्षी वर्गात देते. आपल्या हर्णैच्या बंदरावर लिलावात टोपल्या भरून म्हाकूळ येतं ना, त्याच्याच जातकुळीतल्या प्राण्यावर न्यूरोसायन्सचा पाया घातला गेलाय. म्हाकूळ घाबरलं की अंग आवळून जोरात पाणी सोडतं आणि मागे सटकतं, आणि हा निरोप अंगभर झटक्यात पोचवायला त्याच्याकडे एक जाडजूड मज्जातंतू असतो, जवळजवळ अर्धा ते एक मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. आपले तंतू त्याच्यापुढे कितीतरी बारीक, म्हणून हॉजकिन आणि हक्स्ली या दोन शास्त्रज्ञांनी इंग्लंडात प्लिमथच्या किनाऱ्यावर याच तंतूत तार घालून विजेचा झटका कसा पुढे जातो ते मोजलं, सोडियम आत येतं मग पोटॅशियम बाहेर जातं, आणि त्याची गणितं मांडली. १९५२ साली त्यावर लागोपाठ पाच पेपर आले, १९६३ ला नोबेल मिळालं, आणि आजही मेंदूच्या पेशीचं मॉडेल करणारे तीच समीकरणं वापरतात. पण कोणी आयुष्यात फक्त हे पाचच पेपर लिहिले असते तर त्याचा एच-इंडेक्स ५ च्या वर गेलाच नसता!

आणि उलटं पण होतं. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारावरचा २००६ सालचा, नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकातला एक पेपर घ्या, दोन हजारांच्या वर सायटेशन, त्याच्या भरवशावर किती जणांनी वर्षं घातली, आणि त्यातल्या चित्रांत फेरफार सापडल्यामुळे २०२४ ला तो मागे घेतला गेला. अल्झायमरच्या पेशंटच्या घरच्यांचा विचार आला की मला आजही वाईट वाटतं.

मग बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी नावांचा क्रम. आपल्या विषयात साधारण पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं आणि शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. सरांचे गेल्या सहा-सात वर्षांतले पेपर काढा, सर शेवटी आहेत का आणि पहिल्या जागी त्यांचे विद्यार्थी आहेत का ते बघा. सर कुठेतरी मधेच असतील तर ते दुसऱ्याच्या कामातले भागीदार आहेत, त्यात चूक काही नाही पण १४० चा अर्थ बदलतो. माझ्या पीएचडीच्या वेळी मी हे बघितलंच नव्हतं. नाव घेत नाही, पण आकडा बघून गेले, लॅबमध्ये इतकी मुलं की गाईड दोन-दोन महिने भेटायचे नाहीत, दोन वर्षं मी उंदरांवर काम केलं आणि पेपर आला तेव्हा माझं नाव चौथं. ते दुखणं अजून गेलेलं नाही.

दुसरं, जास्त साईट झालेले चार-पाच पेपर मुलीने स्वतः उघडावेत. ते रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे, असतील तर सायटेशन तसेही भरपूर मिळतात, त्यात नवीन प्रयोग नसतो. प्रयोग असेल तर किती प्राणी, किती माणसं ते बघा, आठ-दहा जणांवरून मोठा निष्कर्ष काढला असेल तर थांबून विचार करा. आणि साईट करणाऱ्यांनी ते काम खरंच पुढे नेलंय की प्रस्तावनेतल्या एका ओळीत इतर दहा नावांबरोबर टाकून दिलंय, हे बघायला एक दुपार पुरते.

आणि त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना मेल करायला सांगा, पीएचडीला किती वर्षं लागली, पहिलं नाव मिळालं का एवढंच विचारायचं. पेपरवर ईमेल दिलेले असतात, बरेच जण उत्तर देतात. ती उत्तरं येईपर्यंत सरांना होकार कळवू नका.