सेटलमेंटला होकार देण्यापूर्वी

चि. स,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. क्रेडिट कार्डाच्या ८४,००० रुपयांच्या थकबाकीपोटी ३५,००० रुपये एकरकमी भरले की ‘विषय संपेल’, असे वसुली करणारा माणूस तुला फोनवर सांगतो आहे. बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, म्हणून आधी एवढेच सांगतो की वसुलीचा तगादा त्याने थांबेल, पण तुझ्या पतअहवालात, म्हणजे घेतलेली कर्जे कशी फेडलीस याच्या नोंदीत, तो विषय राहील. प्रश्न आहे तो कोणत्या शब्दात राहील याचा.

सगळे त्या अहवालाला ‘सिबिल’ म्हणतात, जशी कोणतीही छायाप्रत आपल्याकडे झेरॉक्स होते. प्रत्यक्षात २००५ च्या पतमाहिती कायद्याखाली चार कंपन्या हे काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्या स्वतः काही ठरवत नाहीत. बँक जे कळवते ते नोंदवतात, आणि १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले. म्हणूनच नोंद चुकली असली तरी बँकेने दुजोरा दिल्याशिवाय या कंपन्या ती बदलत नाहीत.

अहवाल उघडलास की सगळ्यांची नजर आधी आपली पत किती ते सांगणाऱ्या, ३०० ते ९०० मधल्या गुणांकावर जाते. कर्ज मंजूर करणारा अनुभवी अधिकारी मात्र प्रत्येक खात्याखालची महिन्यांची चौकट वाचतो. तिच्यात ३६ महिन्यांपर्यंतचा हिशेब असतो आणि प्रत्येक महिन्यासमोर हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा असतो. ‘०००’ म्हणजे काही थकलेले नाही. ‘०३०’, ‘०६०’ असे आकडे चढत गेले की माणूस कोणत्या महिन्यापासून अडचणीत आला ते न विचारता कळते. कार्डाच्या बाबतीत देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंतचा उशीर थकबाकी म्हणून कळवायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; त्यापुढे मात्र दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात. ९० दिवस उलटून गेले की खाते अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या हिशेबी बुडीत चाललेले, ठरते.

आता तुझ्या कामाचा भाग. खाते पूर्ण फेडून बंद झाले तर स्थितीच्या रकान्यात ‘क्लोज्ड’ येते, आणि बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली तर ‘सेटल्ड’. बोलताना दोन्ही शब्द सारखे वाटतात. गृहकर्जाचा अर्ज तपासणाऱ्याला मात्र दुसऱ्या शब्दातून एवढेच दिसते की या माणसाने एका बँकेचे ४९,००० रुपये बुडवले. ते आजारपणात बुडाले की नोकरी गेली म्हणून, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते. तिसरा शब्द ‘रिटन ऑफ’ म्हणजे निर्लेखित. हा शब्द वाचून कर्ज माफ झाले असे समजणारे कित्येक ग्राहक मी पाहिले. निर्लेखन ही बँकेने स्वतःच्या ताळेबंदासाठी केलेली तजवीज आहे. येणे कायम राहते आणि वसुलीही चालू राहते.

सात वर्षांनी सगळे आपोआप पुसले जाते, असेही तू कुठेतरी ऐकले आहेस. माहिती किमान सात वर्षे जपून ठेवली पाहिजे, असे नियम सांगतो. सात वर्षे झाली की ती काढून टाकलीच पाहिजे, असे तो सांगत नाही. त्या भरवशावर बसू नकोस.

जाता जाता माझेही सांगतो. एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीनदार राहिलो होतो. त्याचे हप्ते थकले ते मला त्याच्याकडून कळले नाही. माझा अहवाल काढला तेव्हा ते खाते माझ्याच नावाखाली, ‘जामीनदार’ अशा नोंदीसह, थकीत आकड्यांसकट दिसले. कर्ज विभागात बसणाऱ्या माणसाची ही गत, म्हणून तू कुणाला जामीन राहण्याची सही करताना विचार कर.

माझे मत विचारशील तर सध्याचा प्रस्ताव स्वीकारू नकोस. पूर्ण रक्कम हप्त्यांत फेडण्याची मुदत बँकेकडे लेखी माग. चढलेले व्याज आणि दंड कमी करण्याची विनंतीही कर, मात्र अशी सूट दिल्यावर खाते ‘क्लोज्ड’ म्हणून कळवले जाईल, हे त्याच पत्रात लिहून घे. घरात खरोखरच तेवढा पैसा नसेल आणि व्याज वाढतच असेल, तर तडजोड करण्यात लाज नाही. पुढे ऐपत आल्यावर सोडलेली रक्कम भरून नोंद बदलून मागता येते, जुने थकीत महिने मात्र चौकटीतून लगेच जात नाहीत. दोन्ही परिस्थितींत बँकेच्या लेटरहेडवरील पत्र हाती येईपर्यंत रुपयाही भरू नकोस, आणि भरशील तो थेट कार्डाच्या खात्यात भर, त्या माणसाने पाठवलेल्या क्यूआर कोडवर नव्हे. शेवटी बेबाकी दाखला, म्हणजे काहीही देणे उरले नाही असे बँकेचे पत्र, घे.

त्याआधी चारही कंपन्यांचे अहवाल काढ. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. एखादी नोंद चुकीची असेल तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते.

अहवाल आले की कार्डाच्या खात्याचे पान मला पाठव. बँकेला द्यायच्या पत्राचा मसुदा ते पाहूनच करू.

तुझा,
काका