अंगठा काढ

अरे पोरा,

परवा रात्री साडेअकराला तू पाठवलेला फोटो मी सकाळी दुधाच्या रांगेत उभा असताना पाहिला. एका मोबाईलवर सिबिलचा, म्हणजे तू कर्जं कशी फेडलीस त्याचा अहवाल, दुसऱ्या मोबाईलने त्याचा काढलेला फोटो, आणि स्कोअरच्या आकड्यावर तुझा अंगठा. खाली लिहिलंस, "नाना, एवढं बघा, पन कोनले सांगू नका." गंमत अशी की पॅन नंबर वरच्या ओळीत लख्ख दिसत होता. झाकायचं ते उघडं आणि उघडायचं ते झाकलेलं! तुझ्या पणजोबांनी सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवला असेल, त्यांना अक्षरओळख नव्हती. तू बी.कॉम. झालेला माणूस, आणि वाचता येतं तेच अंगठ्याखाली दाबून ठेवतोस.

धीर वगैरे देत बसत नाही. तू पैसे बुडवणारा नाहीस हे मला माहीत आहे. तुझ्या बापाला ढेपेची उधारी भर पावसात चालत येऊन चुकवताना मी पाहिलंय. दुकानाने तीन महिने पगार अडकवला आणि तू एका अ‍ॅपचं कर्ज फेडायला दुसरं अ‍ॅप उघडलंस. हे तू सांगितलं नाहीस, तुझ्या अहवालातल्या पाठोपाठच्या चार चौकशांनी सांगितलं. दर नव्या अर्जाला बँक तुझा अहवाल मागवते आणि त्याचीही तिथे नोंद होते. आता अर्ज करणं थांबव. एवढंच, पुढे चल.

पंधरा दिवसांत सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला आठ हजार द्यायचे म्हणतोस. कशाचे? खरी नोंद कोणाच्याही बापाला पुसता येत नाही. खोटी नोंद दुरुस्त करायची तक्रार फुकट होते, घरी बसून, मोबाईलवरून. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई तुलाच मिळायला हवी, एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. अहवाल देणाऱ्या कंपन्या सिबिल धरून चार आहेत, आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो माणूस तुला तुझाच कागद विकतोय. आणि विकू शकतोय, कारण तू तो कागद दुसऱ्या कोणाला दाखवलेला नाहीस. म्हणून म्हणतो, अंगठा काढ.

आमच्या डब्याबद्दल तुझ्या बापाने तुला सांगितलं असेल. सुरत लाईनची सकाळची गाडी, अमळनेरहून जळगाव. आम्ही सहा जण अपडाऊनवाले. मी डाळमिलमध्ये हिशेब लिहितो, एक जण एमआयडीसीत चटईच्या मशीनवर आहे, एक आरोग्यसेविका ताई धरणगावला चढतात, बाकीचे असेच. पूर्वी पत्ते चालायचे, आता कागद चालतात. सुरुवात त्या चटईवाल्या पाटलामुळे झाली. त्याच्या अहवालात ट्रॅक्टरचं थकलेलं कर्ज होतं. गड्याच्या नावावर सायकल नाही, ट्रॅक्टर कुठला? वर्षभर त्याने तोंडातून शब्द काढला नाही, विश्वास कोण ठेवणार म्हणून. एक दिवस पाळधी स्टेशन मागे पडलं आणि काय झालं कोण जाणे, खिशातून घडी काढून मोठ्याने वाचायला लागला. ताईंनी विचारलं, "जन्मतारीख काय हो तुमची?"

"एक जून."

अख्खा डबा हसला. आमच्या सहांतले चौघे एक जूनचे! शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी टाकली ती तारीख. खानदेशात गाडीत डोळे मिटून दगड मारला तरी पाटलालाच लागतो. त्यात नाव तेच, बापाचं नाव तेच, तारीख एक जून, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या पाटलाचा ट्रॅक्टर याच्या दारात उभा. त्याच दिवशी पॅन जोडून तक्रार टाकली. कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते. त्यांनी तपासलं आणि ट्रॅक्टर गेला. वर्षभराचं ओझं पाळधी ते जळगाव एवढ्या अंतरात उतरलं. त्याने अंगठा काढला म्हणून.

आता माझं ऐक. २००९ साली आईच्या ऑपरेशनसाठी नव्वद हजारांचं कर्ज घेतलं आणि हप्ते तुंबले. वसुलीवाल्यांचे फोन कसे असतात ते तुला सांगायला नको. (सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही असा आता नियम आहे. आला तर वेळ लिहून ठेव.) २०११ मध्ये एकजण म्हणाला, पस्तीस हजार भरा, विषय संपला. भरले. ते पत्र मी देवघरात ठेवलं, बायकोला म्हटलं, विम्याचं आहे. २०१७ला घराच्या कर्जासाठी आम्ही दोघं बँकेत गेलो. टेबलापलीकडचा पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "काका, इथे सेटल्ड दिसतंय." सेटल्ड म्हणजे फिटलं असं मी समजत होतो. त्याचा अर्थ, बँकेने उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं आणि पुढच्या बँकेसाठी तशी खूण करून ठेवली. बायको तिथे काही बोलली नाही. स्टँडवर आल्यावर म्हणाली, "सहा आखाज्या मी तुम्हाला खापरावरचे मांडे करून वाढले, आणि हे मला बँकेचं पोरगं सांगतं?"

पुढे चौदा महिने पै-पै साठवून उरलेली रक्कम भरली. बँकेला द्यायचं पत्र डब्यातल्या एकाने लिहिलं, ताई स्वतः शाखेत सोबत आल्या. काही बाकी नाही असा निल दाखला हातात आला, आणि नंतर अहवालात क्लोज्ड, म्हणजे पूर्ण फिटलं. तेव्हा तुला कोणी निम्म्यात मिटवून देतो म्हणालं, तर आधी विचार, नोंद काय पडेल? सेटल्ड की क्लोज्ड? आणि हे एकट्याने विचारू नकोस. एकटा माणूस "विषय संपला" एवढंच ऐकतो.

आणि हो, तुझ्या कानावर आलंच असेल की नानाने पाटलाला सही नाकारली. नाकारली. २०२२ मध्ये त्याला पोराच्या दुधाच्या गाडीसाठी पतसंस्थेचं कर्ज हवं होतं, जामीनदार म्हणून मी हवा होतो. करार कायदा १८७२चा आहे, त्यातलं १२८वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. त्याचा हप्ता चुकला तर माझ्याही अहवालावर डाग. डब्यात आम्ही पहिल्या दिवशी ठरवलं होतं, कागद एकमेकांचे बघायचे, पैसे आणि सह्या मागायच्या नाहीत. नियम माझाच होता. मी पाळला, यात माझं काय चुकलं? सोबत म्हणजे जामीन नव्हे. तीन ठिकाणी मीच विचारून त्याला विनाजामीन कर्जाची माहिती आणून दिली, ते कोणी सांगत नाही. तो मागच्या डब्यात बसायला लागला. अजूनही अमळनेरच्या फलाटावर तो माझ्यासमोरून मागे चालत जाताना दिसला की हातातला चहा तसाच निवून जातो. पण सही मी आजही करणार नाही. तुलाही नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सांगण्यासारखं असं की घरी आईला सांग. "सोयरीक जमायची आहे, कळलं तर?" हे तुझं वाक्य वाचून मला राग आला. लपवून जमवलेल्या सोयरिकीचं काय होतं ते स्टँडवर मी ऐकलंय. आजच सांग. रडेल, मग घरातल्या डब्यात साठवलेले पैसे काढेल, ते घेऊ नकोस.

सोमवारी चारही अहवाल छापून आण. पॅन आणि खाते नंबर काळ्या पेनाने खोड. रक्कम, उशिराचे दिवस आणि स्कोअर तसाच राहू दे. ओटीपी आम्ही मागणार नाही, मागितला तर आम्हालाही देऊ नकोस. इंजिनकडून तिसरा डबा. धरणगावला ताई चढतील, त्यांना खिडकी लागते, तेवढी सोडून बस.

तुझा,
नाना